तहानलेल्याला नाही म्हणताना

एकनाथांची ती गोष्ट मराठी घरात मुद्दाम सांगावी लागत नाही, ती कानावर पडतेच. गंगेच्या पाण्याची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या नाथांना वाटेत तापल्या वाळूत तडफडणारे गाढव दिसते आणि देवासाठी आणलेले पाणी ते त्याच्या तोंडात ओततात. सोबतचे लोक हळहळतात. नाथांच्या लेखी अभिषेक तिथेच झालेला असतो. ज्यांनी पैठणच्या या संताच्या भागवताचे पानही उघडलेले नाही, त्यांनाही ते गाढव ठाऊक असते. तहानलेल्याला पाणी पाजणे हा धर्म आहे, यावर महाराष्ट्रात कधी वाद झाला नाही. वाद झाला तो कोणाला पाजायचे यावर, आणि तो फार कडवट झाला.

ही गोष्ट ऐकत वाढलेली मुलगी नर्सिंग शिकते आणि किडनीच्या रुग्णांच्या वॉर्डात रुजू होते. तिथे एक म्हातारा तिच्याकडे हात पसरून म्हणतो, "सिस्टर, घोटभर पानी द्या ना." त्याचे ओठ सुकलेले असतात, जीभ टाळूला चिकटलेली असते. ती नाही म्हणते. दिवसभर, पाळीमागून पाळी, ती हेच म्हणत राहते. तिने कावड रिकामी केली नाही म्हणून तिचा धर्म बुडाला का? प्रश्न भाबडा वाटेल, पण वॉर्डात उभे राहून तो झटकून टाकता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तर तो जास्तच टोचतो. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. चौकाचौकांत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या रांजणांच्या पाणपोया लागतात, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर दिली जाते, मोहरमला करबलाच्या तहानेची आठवण ठेवून शरबताच्या सबिली उभ्या राहतात. याच जिल्ह्याने पाण्याची टंचाईही सोसली आहे. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले होते आणि माणसे रात्र रात्र टँकरची वाट पाहत जागली. अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, म्हणजे हापसा चालू असला तरी त्याचे पाणी प्यावे की नाही हा प्रश्न उरतोच. अशा मुलखात पाणी ही साधी वस्तू राहत नाही. त्यात उष्माघात टाळायचा तर तहान नसली तरी पाणी पीत राहा, असा शासनाचा सल्ला गावोगावच्या भिंतींवर लागतो. डायलिसिसवरचा रुग्णही तो वाचतच रुग्णालयात येतो.

आत आल्यावर त्याला उलटे सांगितले जाते.

त्यामागचे शरीरशास्त्र समजून घेतल्याशिवाय धर्माची चर्चा पोकळ ठरेल. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतला जातो. हे गाळणे थांबले की प्यालेले पाणी जाणार कुठे? थोडे घामातून आणि श्वासातून जाते, उरलेले साठते. आधी घोट्यांवर सूज येते. सिस्टर नडगीवर अंगठा दाबून धरते आणि पडलेला खळगा किती वेळात भरून येतो ते पाहते. मग चेहरा सुजतो, आणि शेवटी पाणी फुफ्फुसात उतरते. रुग्णाला आडवे होता येत नाही, तो रात्रभर उशांना टेकून हवेसाठी झगडतो. कोरड्या जमिनीवर, खाटेवर बसल्या जागी, तो आतून बुडत असतो. म्हणून आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे पाणी आणि वर साधारण अर्धा लिटर, असा हिशेब बांधून दिला जातो. उन्हाळ्यात घाम पाहून डॉक्टर तो थोडा सैल करतात, एवढेच.

त्या हिशेबात फक्त पाणी मोजत नाहीत. चहा, ताक, कढी, पातळ वरण, भाजीचा रस्सा, कलिंगडाची फोड, सगळे त्यात येते. शिवाय तहान वाढवणारा खरा गुन्हेगार ताटातच बसलेला असतो. नऊ ग्रॅम मीठ शरीरात राहिले की ते जवळपास एक लिटर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, ठेचा, खारवलेली मिरची यांवर भाकरी खाणाऱ्या माणसाला पाणी कमी प्या असे नुसते सांगणे क्रूरपणाच आहे, कारण मिठाने पेटवलेली तहान मनाच्या जोरावर विझत नाही. अनुभवी सिस्टर म्हणून पाण्याच्या आधी मिठाचा विषय काढते. मधुमेही असेल तर साखर आटोक्यात आहे का ते पाहते, कारण वाढलेली साखरही घसा कोरडा पाडते.

मग तिचे बारीक काम सुरू होते. सकाळी त्याच वेळी, त्याच कपड्यांत वजन. एक किलो वाढले म्हणजे जवळपास एक लिटर पाणी साठले. किती प्याला, किती लघवी झाली, उलटी किती, हे तक्त्यावर. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचे, म्हणजे किती उरले ते रुग्णाला डोळ्यांनी दिसते. मोठ्या पेल्याऐवजी छोटी वाटी. गोळ्या शक्यतो जेवणाबरोबर, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे पाणी खर्ची पडत नाही. बर्फाचा खडा जिभेवर, लिंबाची चकती चोखायला, चूळ भरून थुंकायची, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन. कोणाला हे किरकोळ वाटेल. पण घोट मागणाऱ्या माणसाला "नाही" ऐकवल्यानंतरचा सगळा धर्म याच किरकोळ कामांत आहे.

डायलिसिसच्या यंत्राला हे साठलेले पाणी काढता येते, पण त्यालाही मर्यादा आहे. ताशी प्रत्येक किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढू नये, असे मानले जाते. पन्नास किलोच्या माणसाचे चार तासांत फार तर २६०० मिलिलिटर निघेल. तो चार लिटर अंगावर घेऊन आला असेल तर सगळे एका बैठकीत काढू पाहणे म्हणजे रक्तदाब कोसळवणे, पायांत गोळे आणणे, हृदयाला झटका देणे. उमरखेड किंवा झरी जामणीकडून एसटीने येणाऱ्याला उरलेल्या पाण्यासाठी उद्या पुन्हा या म्हणणे सोपे नसते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरिबांना ही सेवा मोफत देण्याची सोय झाली हे खरेच मोठे काम आहे. पण गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.

आता त्या कडवट वादाकडे. महाराष्ट्रात पाणी नाकारण्याला इतिहास आहे, आणि तो बाजूला ठेवून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक होईल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले आणि हजारो माणसे त्यांच्यामागोमाग पाणी प्याली. जनावरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते. ज्यांच्या आज्याच्या ओंजळीत पाणी वरून, भांडे न टेकवता ओतले गेले, त्या घरातला माणूस आज वॉर्डात झोपला असेल आणि पांढऱ्या कपड्यातले कोणी त्याला "तुम्हाला पाणी नाही" म्हणाले, तर ते तीन शब्द त्याच्या कानात कसे उतरत असतील? सिस्टरच्या मनात काही नसेल. शब्दांना मात्र स्मृती असते.

म्हणूनच दोन नकारांतला फरक नीट पाहायला हवा. तो जुना नकार पाणी जपत होता, माणूस नव्हे. आणि तो अंतरावरून दिला जात होता. स्पर्श होऊ नये हाच त्याचा सगळा खटाटोप होता. वॉर्डातला नकार माणूस जपतो, आणि त्याला स्पर्शावाचून गत्यंतर नाही: सुजेवर अंगठा दाबणे, ओल्या कापसाच्या बोळ्याने तोंडाच्या आतून जीभ आणि हिरड्या पुसणे, लघवीचे भांडे उचलून मापणे. ज्या दिवशी सिस्टर दारातूनच "पाणी बंद आहे" म्हणून पुढे जाते, त्या दिवशी तिचा नकार वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असला तरी त्या जुन्या नकाराच्या फार जवळ जाऊन बसतो.

पाणी न पिण्याची दुसरी परंपराही आपल्याकडे आहे, आणि ती आदराची आहे. ज्येष्ठातली निर्जला एकादशी, बायकांची हरतालिका, जैनांचा सूर्यास्तानंतरचा चौविहार, रमजानचा रोजा. यवतमाळच्या शेजारीच, वर्धा जिल्ह्यातल्या पवनारला, नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. म्हणजे पाणी नाकारणे आपल्याकडे अन्यायही आहे आणि तपही आहे. फरक एवढाच की तप स्वतः घ्यायचे असते. डायलिसिसवरचा माणूस एका अर्थी रोजच निर्जलेच्या उंबरठ्यावर असतो, पण त्याने संकल्प सोडलेला नाही. व्रत त्याच्यावर येऊन पडले आहे. त्याच्या सोसण्याला तपाचे मोठेपण देऊ नये. भगवंत परीक्षा पाहतो आहे, असे त्याला ऐकवणारे नातेवाईक आपल्या परीने धीर देत असतात; ऐकणाऱ्याला मात्र तो बहुधा शिक्षेसारखा लागतो.

इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने जीव जातात. किडनीचे रुग्ण उपास धरतात आणि उपासाला बटाटा, केळी, शेंगदाणे खातात. या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसली तर ते रक्तात वाढते आणि हृदय अचानक थांबू शकते. नारळपाणी तब्येतीला चांगले म्हणून आणून देणारेही तीच चूक करतात. कुराणाने आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजातून सवलत दिलेली आहे. हिंदू घरांतही आजारपणात व्रत सोडल्याने पाप लागत नाही, असे जुन्या बायकाच सांगतात. वॉर्डात या सवलतीची आठवण करून देणारी सिस्टर कोणाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करत नाही. ती श्रद्धेतलीच एक वाट दाखवते.

पण या प्रश्नावर सगळ्यात थेट बोलणारी गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. यवतमाळमधल्या असंख्य बौद्ध घरांना ती जवळची वाटावी अशी आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने अंग धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर बुद्धांनी संघाला सांगितले ते असे, की तुम्हाला सांभाळायला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करायची इच्छा असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

एवढा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्यापुढचा फारसा सांगितला जात नाही. तिथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत: औषध तयार करता येणे, हितकर काय आणि अहितकर काय ते ओळखून हितकर जवळ आणणे व अहितकर दूर नेणे, लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणे, मल, मूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस न वाटणे, आणि वेळोवेळी बोलून आजाऱ्याचे मन उभारी धरील असे करणे. यातला दुसरा गुण म्हणजे सिस्टरचा "नाही" आहे. ज्या करुणेने अंग धुतले, तिनेच अहितकर वस्तू दूर न्यायला सांगितले. आजाऱ्याचेही गुण तिथे सांगितले आहेत, आणि त्यांत हितकर गोष्टीचेसुद्धा प्रमाण ओळखणे हा एक आहे. पाणी हितकरच असते. प्रश्न प्रमाणाचा असतो.

नाथांच्या वाळूतल्या गाढवाला पाण्याची उणीव होती. वॉर्डातल्या म्हाताऱ्याच्या अंगात पाणी जास्त आहे आणि तरी त्याला तहान आहे. दोघांची तहान बाहेरून सारखीच दिसते. नाथांनी नुसते पाणी दिले नाही, त्यांनी आधी गाढवाकडे पाहिले होते. गोष्टीतले ते पाहणे आपण सांगताना घाईने ओलांडतो.

आणि पाहणे किती मोलाचे असते ते शेजारच्या वॉर्डात कळते. तिथे जुलाबाने सुकलेले मूल असते, डोळे खोल गेलेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी हळूहळू परत जाणारी. तिथे तीच सिस्टर आईला चमच्याचमच्याने ओआरएस पाजायला लावते. दहा किलोच्या मुलाला चार तासांत ७५० मिलिलिटर, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. पण पाणी रोखायची वेळही अशीच येते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले, सुमारे वीस जण दगावले. फवारणीतल्या सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषात शरीराचे सगळे झरे एकदम फुटतात: लाळ, अश्रू, घाम, जुलाब, छातीत घरघरणारा स्राव. ॲट्रोपिन देत देत हे स्राव सुकेपर्यंत परिचारिका छाती ऐकत आणि नाडी मोजत बसते. मग तोच रुग्ण औषधाने कोरड्या पडलेल्या तोंडाने पाणी मागतो, आणि तो पुरता शुद्धीवर नसेल तर घोट श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पुन्हा ओला बोळा, पुन्हा थांबा. एकाच पाळीत पाणी पाजण्याचा हट्ट आणि पाणी रोखण्याचा हट्ट, दोन्ही तिच्याच वाट्याला येतात. चरकाने चिकित्सेचे चार पाय मानले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाकडे त्याने ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता मागितली. आपुलकी एकटी पुरत नाही, हे त्यालाही माहीत होते.

नकाराचा हक्क मात्र कुठवर जातो, हे ठरवावेच लागते. समजून उमजून, पूर्ण शुद्धीत एखादा रुग्ण दोन पेले पाणी प्याला तर त्याच्या हातातून तांब्या हिसकावण्याचा अधिकार सिस्टरला नाही. तिने धोका स्पष्ट सांगावा, वजन करावे आणि रात्री धाप लागली तर टोमणा न मारता उशी उंच करावी. रागावण्याचा परिणाम उलटाच होतो. माणसे चोरून पितात, बायको पदराआड लोटी आणते, सकाळी विचारले की "काहीच नाही घेतलं" म्हणतात, आणि यंत्रावर पाणी काढण्याचा हिशेब चुकतो. महावग्गातल्या आजाऱ्याच्या पाच गुणांत आपली अवस्था खरी सांगणे हाही एक आहे. खरे सांगायला ऐकणारा न रागावणारा लागतो, हे त्यात लिहिलेले नसले तरी गृहीत आहे.

शेवटच्या दिवसांत तर हिशेबाची वहीच मिटवायला हवी. मरणासन्न माणसाला सलाईन लावा म्हणून घरचे लोक आग्रह धरतात. उपाशी-तहानलेला गेला हा डाग त्यांना नको असतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या १२९ रुग्णांना दोन गटांत विभागून पाहिले: एकाला रोज लिटरभर सलाईन, दुसऱ्याला फक्त १०० मिलिलिटर. त्रासाच्या लक्षणांत किंवा आयुष्यात काही फरक पडला नाही. उलट थकलेल्या शरीरात ओतलेले पाणी छातीत साठून घरघर वाढवू शकते. त्या वेळी सलाईनची बाटली उतरवणे आणि तोंड ओले ठेवणे यात त्याग नाही. ज्याला गिळता येते त्याला मग त्याचा आवडता चहा द्यावा, पोटॅशियमचा विचार न करता. तुळशीपत्र ठेवून गंगेचे पाणी तोंडात घालणाऱ्या मुलाला वॉर्डात अडवू नये. चमचाभर पाण्याने काही बिघडत नाही, आणि त्या घराला पुढची अनेक वर्षे त्या चमच्यावर काढायची असतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, म्हणजे काय नको हे रुग्ण आधी लिहून ठेवू शकतो. हे घरात बोलले जात नाही. डायलिसिस सुरू करतानाच बोलले जायला हवे.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे माणसे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. सरकारी वॉर्डांत देशभर हे प्रमाण कागदावरच राहते. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतील तर ती बर्फाचा खडा देणार कधी, तोंड पुसणार कधी, पाण्याची भीती वाटणाऱ्या माणसाशी बोलणार कधी? ती धावता धावता "पाणी बंद" एवढेच म्हणू शकते. तिच्या नकारातला मायेचा भाग तिने टाकलेला नसतो, तो तिच्याकडून काढून घेतलेला असतो. चरकाच्या चार पायांपैकी हा पाय किती आखूड ठेवायचा, हे वॉर्डात ठरत नाही. ते मंत्रालयात, रिक्त पदांच्या फायलीवर ठरते.